सुटी लागते

आमच्या मिलमध्ये ‘सुटी लागते’ असे म्हणायची पद्धत होती. ऊन लागते, नजर लागते, तशी सुटी लागते. रविवारी मिल बंद असे. सोमवारी सकाळी कार्डिंग खात्यात शिरून थोडा वेळ झाला की काही माणसांची छाती आवळून यायची. खोकला फार नसे. ताप असला तर कणकण, नसला तर तोही नाही. पण बरगड्यांभोवती कोणी ओला पंचा पिळून गच्च बांधला आहे असे वाटायचे. मंगळवारी तो पंचा सैल व्हायचा, बुधवार-गुरुवारी सुटायचा, शनिवारी माणूस ठणठणीत. पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. मराठी माणूस म्हणे, ‘याला सुटी लागली.’ मुसलमान विणकरांतली मोमीन मंडळी म्हणत, ‘इस को छुट्टी लग गई.’ बुऱ्हाणपुरात दोन्ही भाषा एकाच तोंडात नांदतात, त्यामुळे दुखण्याचे नावही दोन्हींत एकच होते.

त्याचे कारणही सर्वांना ठाऊक होते. बैल एक दिवस गोठ्यात बसला की दुसऱ्या दिवशी जू रुतते. कामाला सोकावलेले अंग एक दिवस ढिले पडले की छाती कुरकुर करते. उपाय दोन. एक, गुळाचा खडा चघळायचा, म्हणजे घशातले तूस खाली उतरते. दुसरा उपाय म्हणजे सुटीच घ्यायची नाही.

कार्डिंग म्हणजे पिंजण. आधीच्या खात्यात झोडून-झटकून आलेली रुई आमच्याकडे तारांच्या बारीक दातांतून विंचरली जाई आणि तिचा मऊ, सैल दोर निघे. त्याला पेळू म्हणत. पुढे त्याचेच सूत. माझे काम पेळू तोलण्याचे. ठराविक लांबीचा पेळू काट्यावर ठेवायचा आणि तो जाड किंवा बारीक येत असेल तर जॉबरला, म्हणजे खात्याच्या मुकादमाला, सांगायचे. मी मराठी सातवी पास होतो आणि हिशेबात बरा होतो, म्हणून ते काम माझ्याकडे आले. हातात काटा असल्यामुळे खात्यात थोडा मान होता. हवा मात्र सर्वांना एकच होती.

सुटी मला लागू लागली तेव्हा माझे लग्न होऊन मुलगी चालायला लागली होती. एका सोमवारी संध्याकाळी मी ओट्यावर भिंतीला टेकून बसलो होतो. बायको पाणी घेऊन आली.

“शेजारीण सांगत होती, तिच्या मालकांनी रविवारची सफाई धरली. तवापासून सोमवार काही बाधला नाही त्यांना.”

“आठवड्यात एक दिवस घरी असतो मी.”

“असता, आन् छाती धरून बसता. घरी बसून काय दिवे लावता? जा बा, चार हात झाडून या.”

मी पुढच्या रविवारी गेलो. रविवारी यंत्रे थांबवून तारांच्या दातांत भरलेला कचरा ब्रशाने काढत, यंत्रांखालचे ढीग ओढत, छताच्या तुळया झाडत. आठवड्यात सर्वांत जास्त धूळ त्या दिवशी उडे. नाकाला फडके बांधले तर जॉबर विचारायचा, “काय राव, नवरी का?” म्हणून आम्ही फडके बांधत नसू.

हे लिहायला मला अवघड जाते, पण जे झाले ते लिहिले पाहिजे. मला गुण आला. त्या सोमवारी छाती आवळली नाही. त्यानंतरच्याही नाही. बायकोचे म्हणणे खरे ठरले आणि ती खूश झाली. दर रविवारी ती इतर दिवसांपेक्षा लवकर उठून कळण्याची भाकरी आणि लसणाची चटणी बांधून देई. रविवारी काम केलेल्याला आठवड्यात दुसरी सुटी कायद्याने मिळायची. ती मी घेत नसे. ती घेतली असती तर तीही लागली असती.

असे किती रविवार गेले ते मी मुद्दाम मोजलेले नाहीत. मुलगी मोठी झाली, शाळा संपवून खंडव्याला सासरी गेली. तिला घरचा बाप म्हणून मी संध्याकाळचाच ठाऊक. निघताना ती पाया पडली तेव्हा मला तिला काही सांगायचे होते. “नीट...” एवढे म्हणालो आणि थांबलो. ती म्हणाली, “हो बाबा, नीट राहीन.” मला ते म्हणायचे नव्हते. पण पुढे जायला छातीत वारा नव्हता. मग मी मान हलवली.

श्वास कमी होत गेला, पण इतका हळू की मापात येईना, आणि जे मापात येत नाही त्यावर माझा विश्वास नसे. जिना चढताना मधल्या पायरीवर थांबायचो तेव्हा वाटे, वय झाले. बोलताना अर्धे बोलून थांबायचो तेव्हा वाटे, आपला स्वभावच कमी बोलण्याचा. खात्यात मला घुम्या म्हणत. घरी बायकोला माझ्या अर्ध्या वाक्यांची सवय झाली होती. मी म्हणायचो, “ते वरचं...” की ती फळीवरचा डबा काढून द्यायची. मी म्हणायचो, “आज बाजारात...” की ती म्हणायची, “वांगी महाग असतील. कळलं.” निम्म्या वेळा ते बरोबर असे. निम्म्या वेळा नसे, पण दुरुस्त करण्यापेक्षा वांगी महाग आहेत असे धरून चालणे सोपे होते.

याच सुमाराला राज्ये नव्याने आखली गेली. नागपूर मुंबईकडे गेले, आम्ही भोपाळकडे राहिलो. बायकोचे माहेर रावेर, गाडीत बसून पान खाऊन होते न होते तोच येते, ते पूर्वीही मुंबई इलाख्यातच होते, पण आता पलीकडचे वाटू लागले. “माझं माहेर परदेशी झालं,” असे ती शेजारणींना सांगे आणि हसे. मिलच्या दारावरच्या मराठी पाट्या उतरल्या, हिंदी तेवढ्या राहिल्या. कारखाने तपासायला पूर्वी नागपूरकडचे इन्स्पेक्टर येत, त्यांच्याशी मराठीत बोलता येई. आता इंदूरकडून साहेब आले.

साहेब येणार म्हणून आदल्या दिवसापासून जमिनीवर पाणी शिंपडले होते आणि खिडक्या उघडल्या होत्या. साहेब भला माणूस होता. प्रत्येक यंत्राच्या पट्ट्याला जाळी आहे की नाही ते त्याने स्वतः वाकून पाहिले. मग आम्हाला उभे करून विचारले, “किसी को कोई तकलीफ़?” माझ्या हातात काटा होता म्हणून असेल, तो माझ्यापाशी थांबला. “आप बताइए.”

मी म्हणालो, “साहब, छुट्टी लगती है.”

“हाँ भाई, छुट्टी तो सबको लगती है. हफ़्ते में एक मिलती है न?”

“मिलती है.”

“तो फिर?”

या ‘तो फिर’चे उत्तर लांब होते. सोमवार, छाती, मंगळवार, पंचा, रविवारची सफाई, हे सर्व एका दमात सांगायला हवे होते, तेही ऑफिसच्या हिंदीत. मी तोंड उघडले, थोडे थांबलो आणि म्हणालो, “फिर कुछ नहीं, साहब.”

पुढे कितीतरी दिवस जॉबर मला पाहिले की छातीवर हात ठेवून म्हणायचा, “साहेब, सुटी लागते हो!” सगळे हसायचे. मीही हसायचो. साहेबांनी चुकून जे ऐकले, की माणसाला सुटी हवी असते, तेच खरे होते, हे माझ्या फार नंतर लक्षात आले.

मग एका वर्षी इंजिनाचा मोठा शाफ्ट तुटला. नवा येईपर्यंत मिल बंद. महिना लागेल म्हणाले, महिन्याहून अधिक लागला. बायको म्हणाली, “चला रावेरले. हिते बसून सुटी लागण्यापेक्षा तिथं केळीत फिराल तर अंग मोकळं राहील.” म्हणजे तिला वाटत होते की एवढी मोठी सुटी मला फार जोरात लागेल. मलाही तेच वाटत होते. गुळाची ढेप घेऊन आम्ही गाडीत बसलो.

तिच्या धाकट्या भावाची केळीची बाग होती. मी त्याला घड मोजून द्यायचो. पहिले काही दिवस मी छातीकडे लक्ष देऊन होतो, घरातले दूध उतू जाईल का म्हणून बाई लक्ष देते तसे. काहीच झाले नाही. मग लक्ष द्यायचे विसरलो.

एका संध्याकाळी अंगणात आम्ही तिघे बसलो होतो. व्यापारी केळी कशी तोलतो यावर विषय निघाला. मी मेहुण्याला सांगत होतो की घड गाडीसकट तोलला आणि गाडी नंतर रिकामी तोलली तर पावसाळ्यात भिजलेल्या गाडीचे वजन वेगळे येते, म्हणून गाडी त्याच दिवशी आणि घड उतरवल्याबरोबर तोलली पाहिजे, नाहीतर फरक शेतकऱ्याच्याच अंगावर बसतो.

मेहुणा माझ्याकडे पाहत राहिला. “थांबा भाऊजी.”

“का? चुकलं काही?”

“चुकलं नाही. तुमी सगळं बोलले.”

“म्हणजे?”

“म्हणजे येवढं लांबचं लांब वाक्य पुरं केलं! नाहीतर तुमी अर्धं बोलता आन् बाकीचं आमी गाठोड्यातून काढायचं. ताई, तुझ्या मालकाले वाचा फुटली वं!”

बायको अंगणातल्याच चुलीपाशी होती. “फुटू दे. लई वर्षं मौनात होते. महाराजच व्हायचे राहिले होते,” ती म्हणाली.

आम्ही हसलो. पण दुसऱ्या दिवशी दुपारी ती शेंगा घेऊन माझ्याजवळ येऊन बसली आणि तिने विचारले, “पेळू म्हंजे कसा असतो हो?” इतकी वर्षे मी जे तोलत होतो ते मी तिला कधी सांगितले नव्हते. मी सांगितले. हाताने दाखवले. तिने विचारले, “आपल्या वातीसारखा?” मी म्हणालो, “वातीसारखाच, पण अंगठ्याएवढा जाड आणि फुंकर मारली तर तुटेल असा.” मग तिने मला स्वतःचे सांगितले. लग्नानंतर बुऱ्हाणपूरच्या गल्लीत तिने पहिले वर्ष कसे कंठले, मिलच्या भोंग्याने ती कशी दचकून उठायची, ते मला नव्याने कळले. त्या दिवसांत आम्ही दोघे जेवढे बोललो तेवढे आधीच्या सर्व वर्षांत मिळून बोललो नसू. हे मोजलेले नाही, अंदाज आहे. पण अंदाज फार चुकणार नाही.

शाफ्ट आला. मिल सुरू झाली. पहिल्याच दिवशी दुपार व्हायच्या आत माझी छाती अशी आवळली की काटा हातातून ठेवावा लागला. असे पूर्वी कधी झाले नव्हते. शेजारच्या पिंजणयंत्रावर मोमीनपुऱ्यातला माझा जोडीदार होता. आम्ही जवळजवळ एकाच वर्षी लागलो होतो. त्याने मला धरून दाराशी बसवले आणि खिशातला गूळ माझ्या तोंडात घातला.

“लंबी छुट्टी की लंबी मार, भाई. देखा?”

जॉबर म्हणाला, “रविवारी या सफाईला. एक रविवार झाला की बसेल.”

मिलच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी विचारले, विडी ओढता का? मी म्हणालो, नाही. घरात कोणाला दमा? नाही. त्यांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकले. मिक्श्चर दिले. मग म्हणाले, “कागदावर मला काही लिहिता यायचं नाही. पण खातं बदलून मिळालं तर पाहा.” मी का ते विचारले. ते म्हणाले, “तुमच्या खात्यातली माणसंच माझ्याकडे जास्त येतात. यापुढचं मलाही ठाऊक नाही.”

त्या आठवड्यात मी काट्यापुढे बसून विचार केला. विचार साधा होता. सुटीने छाती धरते, तर ती सुटीत धरली पाहिजे. रावेरला एवढी लांब सुटी झाली, ती पहिल्या आठवड्यात लागायला हवी होती, दुसऱ्यात लागायला हवी होती. लागली नाही. लागली ती सुटी संपवून खात्याच्या दारात आल्यावर. मग सुटीचे नाव का?

दुसरी गोष्ट मला वर्षानुवर्षे ठाऊक होती, पण तिच्याकडे मी कधी या बाजूने पाहिले नव्हते. खात्यात जेवढी रुई येते आणि खात्यातून जेवढे पेळू, झाडलेला कचरा आणि यंत्राखालचा भुगा निघतो, त्यांचे वजन जुळत नाही. शंभर रत्तल आत गेले तर बाहेर शंभर येत नाहीत. थोडे कमी येतात. त्या कमीला आम्ही ‘उड’ म्हणत असू आणि हिशेबातून सोडून देत असू. खातेप्रमुख म्हणत की ती रुईतली ओल आहे, उडून जाते. ते खोटे नाही. रुईत ओल असते आणि ती उडते. पण पावसाळ्यात हवाच ओली असते, रुई उलट पाणी पिते, तरी थोडी उड असायचीच. तेव्हा काही भाग ओलीचा आणि काही भाग धुळीचा. किती कशाचा, ते मला सांगता येणार नाही, माझ्याकडे तसे साधन नव्हते. पण धुळीचा भाग हवेत होता आणि त्या हवेत आम्ही दिवसभर उभे होतो. रोज गेले की छाती तिला सरावते आणि बोंब मारत नाही. एक दिवस मोकळी हवा मिळाली की सवय मोडते आणि सोमवारी ती बोंब मारते. सुटी छातीला बिघडवत नव्हती, जागी करत होती. आणि रविवारी जाऊन आम्ही तिला पुन्हा झोपवत होतो.

मी हे जोडीदाराला जेवणाच्या सुटीत सांगितले. सांगायला वेळ लागला, कारण श्वास पुन्हा तुटक झाला होता. त्याने सगळे ऐकून घेतले.

“तो रुई अंदर जाती है? इतने बरस में तो मैं गद्दा बन गया होता! रात को बीवी मुझी पर सो जाती.”

“हसू नको. हिशेब बघ.”

“हिसाब तेरा सही होगा, मैं कहाँ ना कह रहा हूँ. पर तू बता, इतवार को घर बैठूँ और सोमवार को मरूँ, ये कौन-सा हिसाब है?”

खात्यात राहून रविवारी घरी बसायचे, तर दर सोमवार सोसावा लागणार. रविवारी जायचे, तर सोमवार सोपा आणि श्वास मात्र जात राहणार. तिसरी वाट म्हणजे कार्डिंग सोडायचे. त्याच्याजवळ ती वाट नव्हती. त्याला दुसरे खाते देणार कोण? मला वाचता-लिहिता येत होते. तो उठला, हात झटकले आणि म्हणाला, “चल, भोंगा होगा.” त्यानंतर तो माझ्याशी पूर्वीसारखाच बोलायचा, पण छातीचा विषय आला की दुसरीकडे पाहायचा.

रविवार उजाडला. मी उठलो तेव्हा ओट्यावर भाकरीचे फडके बांधून ठेवलेले होते.

“आज जात नाही,” मी म्हणालो.

“मंग उद्या काय कराल? त्या दिवशी धरून आणलं तुमाले लोकांनी.”

“उद्या त्रास होईल. पण तो सुटीनं होत नाही.”

“मंग कशानं होतो?”

मी सांगितले. थांबत थांबत सांगितले, पण सगळे सांगितले. रावेरचे, वजनातल्या उडीचे, सवयीचे. ती फडक्याची गाठ हातात धरून ऐकत होती. तिने मध्ये वाक्य पुरे केले नाही. माझे झाल्यावर तिने विचारले, “रविवारी धूळ जास्ती असते का कमी?”

हिशेबाचा प्रश्न तिने मला पहिल्यांदाच विचारला होता. त्याचे उत्तर एकच होते आणि ते मला ठाऊक होते.

“जास्ती. सफाई असते ना.”

“म्हंजे इतके दिस म्या...”

या वेळी तिचे वाक्य अर्धे राहिले.

“तुझ्यामुळं नाही गेलो,” मी म्हणालो. “गुण आला म्हणून गेलो. सगळेच जातात.”

“सगळेच जातात ना? मंग सगळे काय खुळे आहेत?” तिचा आवाज चढला. “तुमच्या खात्यात येवढी माणसं, जॉबर, मोठे साहेब, कोणाले कळलं नाही, तुमालेच कळलं? मला नाही पटत. तुमाले रावेरचं पाणी मानवलं, येवढंच.” तिने फडके सोडले आणि भाकऱ्या एकेक करून टोपलीत परत ठेवल्या. मग दार उघडून ती नळावर गेली. भांडी घासलेलीच होती, ती तिने पुन्हा घासली.

मी तिला पुन्हा पटवायला गेलो नाही. माझा हिशेब तिने मान्य केला असता तर तिला प्रत्येक रविवारची भाकरी त्यात धरावी लागली असती. माझ्यासाठी ती एक बेरीज होती, तिच्यासाठी नव्हती. तेव्हापासून रावेरच्या पाण्याचे नाव घरात कायम झाले. कोणी विचारले की ती तेच सांगे आणि मी मान हलवी. आपले उत्तर बरोबर आहे आणि ते एकट्यालाच ठाऊक आहे, यात काही मोठे सुख नाही.

खाते बदलून मिळायला बराच काळ गेला. घडी खाते मिळाले, जेथे विणून झालेल्या कापडाच्या घड्या घालून त्यावर शिक्के मारतात. धूळ तेथेही असते, पण ती कापडाची, बरीच कमी. काटा दुसऱ्याकडे गेला. घडी खात्यात तोलायचे काही नसे, वार मोजायचे असत. जेवणाची वेळ वेगळी, त्यामुळे जोडीदार दिसेनासा झाला. दारात कधी गाठ पडली तर म्हणे, “क्यों घड़ीवाले, कितने बजे?” एका पावसाळ्यात तो यायचा बंद झाला. घरी गेलो तर खाटेवर उशीला टेकून बसला होता. आडवे झाले की गुदमरते म्हणाला. हिशेबाचा विषय दोघांनीही काढला नाही. त्याच्या बायकोने चहा दिला. सुटी लागली आहे, कामावर रुजू झाले की बरे वाटेल, असे ती म्हणाली.

माझा श्वास परत आला, पण सगळा नाही. किती आला ते बोलण्यावरून कळे. रावेरला आले होते तेवढे लांब वाक्य पुन्हा आले नाही, पण अर्ध्यावर थांबणे गेले. सोमवार इतर वारांसारखा झाला. आणि रविवारी मी घरी राहू लागलो.

घरात रविवार कसा असतो हे मला ठाऊकच नव्हते. इतक्या वर्षांत तो बायकांचा वार झाला होता. शेजारणी पापड लाटायला, शेवया वळायला आमच्या ओट्यावर जमत. मी दिसलो की दारातूनच, “अगं बाई, घरी आहेत का? मंग येते उद्या,” म्हणत. बायको कधी तक्रार करत नसे. पण पूर्वी ओट्यावर जो हसण्याचा आवाज व्हायचा असे ती सांगायची, तो मी एकदाही ऐकला नाही. मी बाहेर जाऊन बसावे तर तापीच्या घाटावर किती वेळ बसणार? मी घरात बसे आणि ती कामे शोधे.

एका रविवारी ती परडीत तुरीची डाळ निवडत होती. मी समोर बसलो होतो. कित्येक दिवस मनात एक गोष्ट घोळत होती. मिल चालू असतानाच रजा टाकावी, पुन्हा रावेरला जावे, भावाकडे पाहुणे म्हणून नव्हे तर आपण दोघांनीच बागेतल्या खोपटात चार दिवस राहावे, असे मला तिला म्हणायचे होते. वाक्य लांब होते. मी ते मनात दोनदा म्हणून पाहिले होते.

“रावेरला या वेळी...” मी सुरुवात केली आणि शब्द जुळवायला किंचित थांबलो. श्वासासाठी नव्हे.

“हो, कळलं,” ती म्हणाली. “भावाला सांगते, केळी धाडू नको म्हणून. मागच्या वेळची पार काळी पडली.” परडी उचलून ती उठली आणि आत गेली.

उरलेले वाक्य म्हणण्याएवढा श्वास माझ्याजवळ होता. मी ते म्हटले, शेवटपर्यंत. आत ती डाळ धूत होती. पाणी थांबले की पुन्हा म्हणावे, म्हणून मी थांबलो.